मागं कोण बसणार?

येलदरीत कुणाच्या घरी गाडी येणार असली तर ती बातमी आधी गावाला कळते, घराला नंतर. जिंतूरच्या बँकेत नुसती व्याजाची चौकशी करून परत येईपर्यंत धरणाच्या कॉलनीपाशी कुणीतरी हात दाखवून मोटारसायकल थांबवतं आणि विचारतं, "मग, कोणती घ्यायलाव?" घ्यायची का, कधी, कशाला, हे प्रश्न मधल्या मध्ये गळून पडलेले असतात. उत्तराची वाट पाहायचीही पद्धत नाही, कारण विचारणाऱ्याचं मत घरूनच ठरून आलेलं असतं. आमच्या भागात महिंद्रा, टाटा, मारुती आणि टोयोटा हे चार पक्ष आहेत, आणि त्यांचे कार्यकर्ते राजकारणातल्या कार्यकर्त्यांपेक्षा कितीतरी निष्ठावान आहेत. बोलेरोवाला माणूस पाच वर्षांत तीन झेंडे धरील, पण बोलेरो सोडणार नाही.

आम्हाला सात जणांची गाडी हवी होती. माय, भाऊ, वहिनी, मी, माझी बायको आणि दोघा भावांचं एकेक लेकरू. हिशेब सरळ होता. पण जाहिरातींचं एक निरीक्षण सांगतो. सात सीटच्या गाडीच्या जाहिरातीत सात माणसं असतात ती नेहमी डोंगरमाथ्यावर, सूर्य कललेला, गाडीच्या बाहेर उभी असतात. सातही जण आत बसलेत, दारं लागलीत आणि सगळे हसतायत, अशी जाहिरात अजून माझ्या पाहण्यात नाही.

मराठवाड्यात काळी-पिवळी जीपनं फिरलेल्या माणसाला हे कोडं पडत नाही. काळी-पिवळीत मागं दोन्ही अंगांना आडवे बाक, बाकांवर माणसं, माणसांच्या मध्ये लेकरं, लेकरांच्या मध्ये पिशव्या, टपावर पोती, पायरीवर कॉलेजची पोरं. पुढं ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक जण, त्यामुळे ड्रायव्हर स्वतःच्याच गाडीत पाहुण्यासारखा अंग चोरून बसलेला. गाडी भरली असं तो कधी म्हणत नसे. "सरका जरा" एवढंच म्हणायचा, आणि आश्चर्य म्हणजे जागा व्हायची. हे आडवे बाक जुने आहेत. येलदरीचं धरण 1968 साली पुरं झालं. त्या काळात सरकारी साहेब ज्या जीपांतून फिरत, त्यांच्याही मागं असेच दोन बाक समोरासमोर असायचे. तेच बाक पुढं काळी-पिवळीत आले आणि 2000 साली निघालेल्या बोलेरोतही मागं तसेच राहिले. पुण्यात तयार झालेली टाटा सुमो 1994 साली आली तेव्हा आमच्याकडच्या लग्नांत नवरदेव तिच्यातून आणि वऱ्हाड ट्रकमधून, अशी वाटणी झाली. मग क्वालिस, मग 2005 ची इनोव्हा. एकूण इतिहास पाहिला तर मागं बसणाऱ्याचा गुडघा कुणाच्या ना कुणाच्या गुडघ्याला लागलेलाच आहे.

तीन ओळींच्या गाड्यांची तुलना ही खरं तर तिसऱ्या ओळीची तुलना असते. पहिली ओळ सगळ्याच गाड्यांत चांगली, कारण तिथं पैसे देणारा बसतो. दुसरी बऱ्यापैकी असते. तिसरीपाशी कंपनीचा उत्साह संपलेला दिसतो. माझ्या पुतण्यानं मोबाइलवर इतके व्हिडिओ पाहिले की तो जेवताना टॉर्क बोलू लागला, पण तिसरी ओळ अशी का असते हे मला कळलं ते जिंतूरच्या एका मिस्त्रीकडून. त्यानं हात पुसता पुसता एकच विचारलं, "चेसीची घ्यायची का बिनचेसीची?"

चेसीच्या गाडीत खाली लोखंडी चौकट आणि तिच्यावर वरची बॉडी बसवलेली. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा या त्या घराण्यातल्या. यांच्यात इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते, म्हणून मागच्या दोन चाकांच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा. त्याच्यावर चौकट, चौकटीवर गाडीची फरशी आणि फरशीवर तिसरी सीट. फरशी अशी वर वर येते, छत मात्र होतं तिथंच. मधल्या माणसानं काय करायचं? गुडघे हनुवटीजवळ घ्यायचे. एर्टिगा, कॅरेन्स किंवा 2021 ची नवी सफारी या गाड्यांना वेगळी चेसी नाही, सगळा सांगाडा एकसंध. ताकद पुढच्या चाकांना जाते, मागचा पसारा कमी होतो, आणि तिसऱ्या सीटवरच्या माणसाला पाय खाली सोडायला थोडी जागा मिळते. हे ऐकल्यावर मी आकडे पाहिले. सफारीची लांबी 4668 मिलीमीटर, एर्टिगाची त्याहून कमी. एका फूटपट्टीपेक्षा थोडा कमी फरक. पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर सफारीत 2741 आणि एर्टिगात 2740 मिलीमीटर. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग तो एक मिलीमीटर कामाचा असंल." भाऊ टाटा पक्षाचा आहे.

मिस्त्रीनं जाता जाता दुसरी बाजूही सांगितली. आमचं शेत काळ्या मातीतलं. जुलैत एक चांगला पाऊस झाला की पाणंद रस्ता चाकाला धरून ठेवतो. तिथं मागं पोती भरलेली, मागच्याच चाकांना ताकद असलेली, चेसीची गाडी निघून जाते आणि शहाणी गाडी ट्रॅक्टरची वाट पाहत उभी राहते. म्हणजे शेताला एक गाडी योग्य आणि मायच्या गुडघ्यांना दुसरी. आमच्या घरातले निम्मे प्रश्न याच जातीचे असतात.

बोलेरोची एक गंमत सांगायची राहिली. तिची लांबी 3995 मिलीमीटर आहे. हा आकडा कुण्या चित्रकारानं काढलेला नाही, अर्थखात्यानं काढलेला आहे. चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांवर कर कमी, अशी सवलत 2006 च्या अर्थसंकल्पात आली. बोलेरो तेव्हा चार मीटरच्या पुढं होती. 2016 साली कंपनीनं तिचा बंपर आटोपता घेतला, इंजिन दीड लिटरचं केलं आणि ती रेषेच्या आत पाच मिलीमीटर येऊन उभी राहिली. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा या पाच मिलीमीटरनं पुन्हा पुण्य दिलं. बोलेरोसारख्यांना 18 टक्के, मोठ्या गाड्यांना 40. माणसाला पोट आत घेऊन फोटो काढताना पाहिलंय, पण पोट आत घेऊन सात जणांना बसवणारी हीच. तिच्या डिझेलवर आणि दणकटपणावर माझा जीव आहे. फक्त एका जागी मी हटून बसलो. पट्टे आणि एअरबॅगा या पुढं तोंड करून बसलेल्या माणसासाठी आखलेल्या असतात, आडव्या बाकावरचा माणूस त्या हिशेबात नाही. जिंतूरपर्यंत ठीक, पण जालन्यावरून समृद्धीवर चढायचं, जिथं 120 ची मुभा आहे, आणि लेकरं आडव्या बाकावर, हे मला नको होतं. पुतण्यानं लगेच सुरक्षेचे तारे काढले. ऑक्टोबर 2023 पासून गाड्या आदळून पाहण्याची आपली स्वतःची भारत एनकॅप पद्धत सुरू झाली, आणि पहिल्या पाच ताऱ्यांत सफारी होती. भाऊ सबंध दिवसभर प्रसन्न होता.

मग डिक्की. हा विषय बायकांनी काढला, कारण पुरुष गाडी घेतात आणि बायका ती भरतात. तिन्ही ओळी उभ्या असताना एर्टिगाची डिक्की 209 लिटर, कॅरेन्सची 216, ट्रायबरची 84. आम्ही येलदरीकर दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरांत, विचार करणारी माणसं. आमच्या धरणाचा जिवंत साठाच सुमारे 810 दलघमी. पावसाळ्यात पेपरात रोज टक्केवारी येते, शंभराकडं सरकली की दहा दरवाज्यांपैकी किती उचलले यावर पारावर चर्चा होते, आणि खाली सिद्धेश्वरच्या साठ्याचीही चौकशी होते. अशा गावात 209 लिटर म्हणजे किती, हे कुणाला पटकन उमगेना. वहिनीनं उमगवलं. "आंगणातला निळा ड्रम हाय ना, तेवढंच." सगळ्यांनी ड्रमाकडं पाहिलं. मग तिनं एका लग्नाला जायचं सामान मोजायला घेतलं. आहेराच्या साड्यांची बॅग, लेकरांची बॅग, लाडवांचा डबा, पाण्याचा वीस लिटरचा जार, मायची गोधडी, कारण मायला दुसऱ्याच्या घरच्या गोधडीत झोप येत नाही. ड्रम केव्हाच भरून वाहू लागला होता. सीएनजीची घेतली तर त्यातही सिलिंडर बसणार. ट्रायबरची तिसरी ओळ काढून घरीच ठेवता येते आणि मग 625 लिटर जागा होते, हे मी उत्साहानं सांगितलं. "मग तिच्यावर बसणारे बी घरीच ठेवायचे का?" माझ्या बायकोनं विचारलं. ती या सगळ्या चर्चेत एवढंच बोलली.

आणि तरी खरा प्रश्न कुणी काढत नव्हतं. गाड्यांवर महिनोन्‌महिने भांडणारी माणसं त्याच्या आसपासही फिरकत नव्हती. मागं कोण बसणार? जुन्या पंगतीत कोण कुठल्या पाटावर बसणार हे कुणी बोलून ठरवत नसे, तरी प्रत्येकाला आपला पाट माहीत असे, तशीच गाडीची गोष्ट. फक्त पंगतीत शेवटच्या पाटावर बसलं तरी वरण तेच मिळतं. पुढं मोठा, मध्ये माय आणि बायका, आणि मागं? विचारलं की सगळे एका सुरात म्हणत, "लेकरं बसतील की." लेकरं म्हणजे कोण? पुतण्या अकरावीत आहे आणि माझ्यापेक्षा चार बोटं उंच. माझ्या मुलीला गाडी लागते. तिला मागं बसवलं की पहिल्या वळणाला खिडकी उघडावी लागणार, कारण मागच्या चाकांच्या वर बसलेल्याला प्रत्येक खड्डा अंगावर येतो. म्हणजे जो मावत नाही तो, आणि जी टिकत नाही ती, अशा दोघांना आम्ही एकमतानं मागं पाठवत होतो. उरले आम्ही दोघे भाऊ. दोघांचीही पोटं 3995 च्या पुढं गेलेली.

त्यात दाजी. बहीण आणि दाजी महालक्ष्म्यांना येतात, उन्हाळ्यात येतात, आणि 2026 मध्ये तर मे-जूनमध्ये धोंड्याचा महिना आलेला. जावयाला 33 अनारसे, चांदीची वस्तू, नवे कपडे, आणि मग औंढा नागनाथला जाताना "दाजी, तुम्ही मागं बसा"? वहिनी म्हणाली, त्यापेक्षा येऊच नका असं फोनवर सांगावं, ते जास्त सभ्य दिसंल.

शेवटी मायला घेऊन परभणीला गेलो. शोरूममधला पोरगा मोठा नम्र होता. टाय, हातात टॅब, ओठांवर ईएमआय. त्यानं भावाला स्टेअरिंगवर बसवलं, मला बाजूला, पुतण्याला पडद्याशी खेळायला दिलं आणि वरचं सनरूफ उघडून दाखवलं. मे महिन्यात पारा 44 च्या पुढं जाणाऱ्या जिल्ह्यात उन्हाला आत यायला गाडीच्या डोक्यावर भोक पाडून वर त्याचे पैसे मोजायचे, ही कल्पना मला आजही पेलवत नाही. जगात जर्मनी आणि भारतात परभणी, हे आम्ही अभिमानानं म्हणतो खरं, पण जर्मनीतलं ऊन आणि परभणीतलं ऊन यांची तुलना करून पाहिलेली नाही, एवढंच.

माय दाराशी उभी होती. लुगड्याचा काष्टा सावरत तिनं पायरीची उंची पाहिली, हातानं धरायला काय आहे ते पाहिलं, आणि मागं बोट दाखवून विचारलं, "तिकडं कसं जायचं?" पोरानं मधल्या सीटचं बटन दाबलं. सीट टुणकन दुमडून पुढं गेली. "वन टच आहे, आजी."

"आन् आतल्या माणसाला उतरायचं झालं तर हे बटन कोण दाबणार?"

"मधले उतरतील ना आधी."

"म्हंजी मला रस्त्यात उतरायचं झालं की पयले समद्यांनी उतरायचं." तिनं थोडा विचार केला. "तू बस बरं बाबा मागं."

पोरगा हसला, पण गिऱ्हाईक मोठं होतं. तो टाय सांभाळत मागं गेला आणि बसला. मायनं मधली सीट सरळ करायला लावली, तिच्यावर स्वतः ऐसपैस बसली आणि मागं वळून त्याची विचारपूस सुरू केली. गाव कोणतं, वडील काय करतात, ज्वारी काढली का, लग्न झालं का. पोरगा चारठाण्याकडचा निघाला. मग चारठाण्यातली माणसं निघाली, त्यातून एक दूरचं नातंही निघालं. गाडी बंद, एसी बंद, काचा वर. त्याच्या कपाळावरून घाम टायपर्यंत पोचला तेव्हा माय म्हणाली, "आता औंढ्यापर्यंत आसंच बसायचं म्हनलं तर कसं वाटंल?" पोरगा भला होता. म्हणाला, "आजी, मोठ्या माणसाला नाही जमणार." मी पाहिलेल्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा ही परीक्षा चोख होती. दुसऱ्या कंपनीच्या शोरूममध्येही तिनं हीच घेतली. तिथला मॅनेजर स्वतः मागं बसला, आणि आपली फरशी कशी खाली आहे हे त्यानं घाम न येता सांगितलं, कारण त्यानं आधी एसी लावून घेतला होता. व्यापार यालाच म्हणतात.

तिथंच कॅप्टन सीटचा विषय निघाला. मध्ये बाकाऐवजी दोन स्वतंत्र खुर्च्या, दोघांना दोन हात टेकायला, मध्ये वाट, आणि त्या वाटेनं मागं जायचं. सीटची संख्या एकानं कमी, म्हणजे सहा. पुण्याच्या मावसभावानं फोनवर याचीच शिफारस केली होती. त्याच्याकडं इनोव्हा हायक्रॉस आहे, आणि तो गावाकडं येतो तेव्हा कॅप्टनच्या एका खुर्चीत त्याची बायको असते आणि दुसरीत तिची पर्स. मला ती वाट फार आवडली. मागच्या माणसाची कैद संपते. मायनं मात्र दोन्ही खुर्च्यांवर आळीपाळीनं बसून पाहिलं आणि हातटेक्यावर हात आपटला. "हे हालत न्हाई का? रस्त्यात कुणी हात केला तर बसवायचं कुठं?" मॅनेजरला हा प्रश्न त्याच्या प्रशिक्षणात आलेला नव्हता. पण येलदरी ते जिंतूर रस्त्यावर ओळखीचा माणूस उन्हात उभा आहे आणि आपण गार हवेत काच वर करून पुढं निघून गेलो, तर ती गाडी कितीही ताऱ्यांची असो, गावात तिची किंमत काय राहील? कॅप्टन सीटवर बसलेल्या माणसाला "सरका जरा" म्हणता येत नाही. बाक पक्का झाला.

भाऊ हिशेबी आहे. त्यानं एका रात्री वही काढली आणि वर्षात सातही जण एका गाडीतून किती वेळा जातो ते मांडलं. महाशिवरात्रीला औंढा, उन्हाळ्यातली जवळची लग्नं, महालक्ष्म्यांच्या आधीचा बाजार, कधी तुळजापूर. तेवढ्या दिवसांपुरती जिंतूरहून क्रुझर भाड्यानं आणली आणि उरलेल्या वर्षासाठी पाच सीटची लहान गाडी घेतली, तर बराच पैसा वाचतो. हिशेब बिनचूक होता. वही एका हातातून दुसऱ्या हातात गेली, सगळ्यांनी बेरीज पाहिली, आणि कुणीही काही बोललं नाही. मग भावानंच ती मिटली आणि म्हणाला की तिसरी ओळ पाडली की सोयाबीनचं बियाणं आणि खताची पोती सरळ शेतावर नेता येतील, म्हणजे सात सीटचीच बरी. सगळ्यांनी माना हलवल्या. बियाण्याचं कारण सगळ्यांच्या सोयीचं होतं.

बुकिंग झालं. गाडीचं नाव मुद्दाम सांगत नाही, उरलेल्या तीन पक्षांचे लोक घरी येऊन बसतात आणि त्यांना चहा करावा लागतो. एवढंच सांगतो की फरशी खाली आहे, मध्ये बाक आहे आणि भाऊ माझ्याशी थोडा कमी बोलतो.

परवा दाजींचा फोन आला. नव्या गाडीचं कळलं म्हणाले, आणि आवाज बारीक करून विचारलं की मागची सीट कुणाला दिली का. मी गडबडीनं म्हणालो, छे छे, तुम्ही मध्ये मायजवळ. तर म्हणाले, "नको हो. मध्ये बसलं की दोन्हीकडून बोलावं लागतं. मागं मला झोपता येतं. एवढं माझ्यासाठी करा." त्याच संध्याकाळी पुतण्यानंही अर्ज टाकला. मागं चार्जिंगची सोय आहे आणि तिथून मोबाइलचा पडदा आरशात दिसत नाही, हे त्यानं शोधून काढलंय. आता मागच्या दोन जागांना दोन उमेदवार आहेत आणि तिसरी मागणी माझ्या बायकोची आहे, कारण न सांगता. पुढं ड्रायव्हरशेजारी माय बसणार की भाऊ, यावर बैठक रविवारी आहे. गाडी मी चालवणार, असं अजून तरी सगळे धरून चालले आहेत.